पुढचं पाखं

ताईच्या फाटकावर माझी पाटी आहे. 'कौलारू छपरांची सफाई. दहा वर्षं शेवाळाची चिंता नाही.' खाली माझा फोन नंबर. तीन वर्षांपूर्वी तिचं छप्पर धुतलं, त्याच दिवशी मी ती ठोकली. तेव्हापासून प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला आधी या फाटकासमोर आणून उभं करतो, छपराच्या रस्त्याकडच्या उताराकडे, म्हणजे पुढच्या पाख्याकडे बोट दाखवतो आणि गप्प बसतो. मला गप्प बसणं फारसं जमत नाही, पण तिथे जमतं.

त्या दिवशी कॉलनीच्या सेक्रेटरीबाईंना आणलं होतं. त्यांच्या कॉलनीत बावीस कौलारू घरं, सगळ्यांवर शेवाळाची गादी. हे काम मिळालं तर दोन माणसं कायमची ठेवता आली असती आणि बायकोसमोर वर्षभर तरी मान वर करून बसता आलं असतं.

"तीन वर्षांत हात लावलेला नाही," मी म्हणालो. "ठिपका दिसतोय का बघा."

बाईंनी चष्मा पुसून बघितलं. ठिपका नव्हता. मला आमचे म्हातारे मिस्त्री आठवले. त्यांच्या हाताखाली मी शिकलो. ते शेवाळ कोरडं असताना हातानं खरवडायचे, वरून खाली, आणि शेवटी छपराच्या माथ्याला, आढ्याजवळ, तांब्याची पट्टी बसवायचे. पट्टीवरून पावसाचं पाणी खाली उतरतं आणि त्या पाण्यात शेवाळ धरत नाही. एका छपराला चार दिवस! मी पाण्याच्या प्रेशरचं मशीन घेतलं आणि अर्ध्या दिवसात छपरं चकाचक करायला लागलो. "अरे, कौलाची सालं काढतोयस तू," मिस्त्री म्हणाले होते. "खरबरीत कौलावर शेवाळ दुप्पट धरेल." चारचौघांत मी त्यांची नक्कल करून दाखवायचो, मान हलवण्यासकट. ताईच्या छपराला पट्टी मात्र लावून देईन म्हणालो होतो. तिनं दोनदा आठवण करून दिली, मग सोडून दिलं. पुढे तिचं छप्पर स्वच्छच दिसत राहिलं, तेव्हा मिस्त्री खोटे पडले असं मी धरून चाललो.

"मागची बाजू बघू," बाई म्हणाल्या, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता घराला वळसा घालून निघाल्या.

मी तीन वर्षांत मागे गेलो नव्हतो. ताईकडे यायचं, पुढच्या खोलीत चहा प्यायचा, निघायचं. मागचं पाखं आढ्यापासून पन्हळीपर्यंत हिरवंगार होतं. कौलांच्या कडासुद्धा दिसत नव्हत्या. कॉलनीतल्या एकाही घरावर एवढं शेवाळ नव्हतं.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात ताई हात पुसत मागच्या दारात आली.

"ते होय? मागची बाजू मीच करू दिली नाही त्याला. म्हटलं, इकडे बघतंय कोण! उगीच खर्च."

ताई इतक्या सफाईनं खोटं बोलू शकते हे मला माहीत नव्हतं. आणि मी? मी मान डोलावली. आजही ते आठवलं की कानशिलं तापतात.

"मग तर फरक उघडच आहे," बाई म्हणाल्या. "आमची घरं पुढच्या पाख्यासारखी करून द्या."

"करतो की."

बाई फाटकाकडे गेल्या. मी निघणार तोच भिंतीला टेकलेली शिडी दिसली. तिच्या पायरीला एक ब्रश अडकवला होता. निळ्या मुठीचा, केस पार झिजलेले. तो मीच आणून दिलेला होता.

गेल्या वर्षी ताईच्या उजव्या मनगटाला प्लास्टर होतं. बाथरूममध्ये घसरले, म्हणाली. मी सगळ्यांदेखत तिला सुनावलं होतं, "शेवाळ काढणाऱ्याची बहीण शेवाळावरून घसरते, माझ्या धंद्याचं काय होईल?" आणि फरशी घासायला हा ब्रश भेट दिला होता. सगळे हसले होते. तीही हसली होती.

"ताई, तू बाथरूममध्ये पडली नव्हतीस."

"हळू बोल. ऐकतील त्या."

"कधीपासून चढतेस?"

"वर्षाच्या आतच परत आलं रे ते. फाटकावर तुझी पाटी आणि वर शेवाळ, बरं दिसतं का? महिन्यातून एकदा चढते. मागचं नाही होत माझ्याच्यानं."

"मला सांगायचंस ना!"

"सांगितलं असतं तर तू परत ते मशीन घेऊन आला असतास."

लाज वाटली म्हणणं सोपं आहे. मला तिच्याकडे बघवेना. ती लहानपणापासून माझ्या चुका पोटात घालत आली, आणि मी आत्ताच, तिच्यादेखत, आणखी एक घालायला दिली होती.

बाई स्कूटर सुरू करत होत्या. मी धावत गेलो.

"बाई, पुढचं पाखं माझं नाही. ते ताईनं घासलंय, दर महिन्याला. माझं काम तुम्ही मागे बघितलंत ते."

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग पाटीकडे. "बरं झालं सांगितलंत," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. कॉलनीचं काम गेलं.

"काय गरज होती?" ताई मागून म्हणाली.

मी पाटी ओढायला लागलो. खिळे गंजले होते, निघेनात. ताई आत जाऊन हातोडी घेऊन आली. ती तिनं डाव्या हातानं पुढे केली. उजव्या हातानं का नाही म्हणून मी बघितलं, तर तिनं तो पदराखाली घेतला.

"अजून जोर येत नाही त्याच्यात," ती म्हणाली.

म्हणजे वर्षभर ती ते छप्पर डाव्या हातानं घासत होती.