तारेचं सोवळं

अकोल्याच्या तारघरात सगळ्यांत जास्त तहान लागायची ती माणसांना नाही, फळीवरच्या बरण्यांना. काचेच्या बरण्यांची ती एक पलटणच होती. प्रत्येकीत तांब्याचा पत्रा, जस्ताची दांडी आणि मोरचुदाचं निळं पाणी. साहेब तिला बॅटरी म्हणे. तिच्या जोरावर मुंबईचा कापसाचा भाव टकटक करत अकोल्यात उतरायचा. उन्हाळ्यात बरण्यांतलं पाणी आटलं की वरून नवं घालायचं, आणि ते घालायला सरकारनं नत्थुजीला ठेवलं होतं.

नत्थुजी तेल्हाऱ्याकडचा. भाऊ घरी काळ्या जमिनीत कपाशी पेरायचा, यानं नोकरी धरली. गावाकडे कोणी कामाचं विचारलं तर सांगे, "बरण्यायले पानी पाजतो."

"मंग घरच्या म्हशी काय वाईट होत्या?" गाव विचारी.

म्हशीचं एक बरं असतं, तिला खारं पाणी चालतं. अकोल्याच्या विहिरींचं पाणी असं, की त्यात तुरीची डाळ दिवसभर शिजवली तरी ती आपला हट्ट सोडत नाही. ते बरणीत घातलं की जस्ताला खरूज सुटे, काचेच्या काठावर मिठाची पांढरी दाढी उगवे आणि यंत्र आधी तोतरं, मग मुकं होई. हे नत्थुजीला पक्कं ठाऊक होतं. पावसाचं धरून ठेवलेलं पाणी रांजणात होतं तोवर निभलं. होळीच्या सुमाराला रांजण कोरडा पडला, तेव्हा त्याला इनायतुल्ला अत्तरवाला आठवला.

इनायतुल्लाच्या अंगणात तांब्याची मोठी डेग होती. तिच्यात गुलाबाच्या पाकळ्या उकळायच्या, वाफ नळीतून थंड भांड्यात उतरायची, की झालं गुलाबपाणी.

"चाचा," नत्थुजी म्हणाला, "गुलाब न टाकता उकळलं तं?"

कोणी वराशिवाय वरात मागावी तसं इनायतुल्लानं त्याच्याकडे पाहिलं. "तं नुस्तं पानी उतरंन. काहून, मजाक करून राह्यला का गरिबाची?"

"नाई चाचा. मले नुस्तंच पाह्यजे."

"सात पिढ्यांत कोनी बिनवासाचं मांगलं नव्हतं. अब्बा कबरीत हसत असतीन." तरी त्यानं डेग राखेनं घासली आणि पाणी उतरवून दिलं. पहिल्या खेपेला नळीत गुलाब थोडा राहिलाच होता. तारघराला लग्नघराचा वास सुटला. तारमास्तर पुण्याचे, त्यांनी नाक वर करून विचारलं, "नत्थुजी, मुंबईहून भाव आलाय की नवरी?"

पण यंत्र खणखणीत बोलू लागलं.

इनायतुल्लानं पाण्याचं काही घेतलं नाही. मागितलं ते एवढंच, की अमरावतीची तार आली तर धावत येऊन सांगायचं. त्याची एकुलती लेक रईसा अमरावतीला दिलेली, पहिलटकरीण. बाळंतपणाला तिला माहेरी आणायचं होतं, पण कापसाच्या तेजीत गाडी मिळेना. वऱ्हाडात चाक असलेली हरएक वस्तू रुई वाहत होती. म्हातारी माणसं पायी चालत आणि कापूस गाडीत बसून जाई. शेवटी बैलांची दमणी मिळाली, तोवर रईसाला हलवायची सोय उरली नव्हती. सासरचे म्हणाले, आमची दाई आहे, अडलंच तर तार करू. बोलावल्याशिवाय लेकीच्या सासरी जाऊन बसणं इनायतुल्लाच्या बायकोला, हलीमाबीला, पटेना.

"हलीमा सोता दाई हाय," इनायतुल्ला म्हणाला. "तिच्या हातून या मोहल्ल्यात एक बाई दगावली नाई. बैल दावणीले बांधून ठेवले हायेत. तू फक्त खबर दे, नत्थूभाऊ."

"तार आली का म्या आलोच समजा," नत्थुजी म्हणाला. "बरण्यायची आन."

चैत्रात कापसाचा भाव पडला. अमेरिकेतली लढाई थांबणार, तिकडचा कापूस पुन्हा विलायतेला जाणार, अशी बातमी होती. पण हे कारण अकोल्याच्या व्यापाऱ्यांना पटेना. अमेरिका फार लांब होती. त्यामानानं अत्तरवाला जवळ होता.

खुशालराव कोठारभर रुई धरून बसलेला माणूस. तो पाचसहा जणांना घेऊन तारघरात शिरला आणि बरण्यांसमोर, मयताला यावं तसा, उभा राहिला.

"नत्थुजी, खरं सांग. या तारेले पानी कोनाचं?"

"पानी... पान्याचंच हाय, रावसाहेब."

"अत्तरवाल्याच्या घरचं ना? आमचा भाव त्या पान्यातून येते. बाटला भाव! उतरंन नाई तं काय चढंन?"

"उतरायच्या आधी तं चढलाही होता," मागून कोणीतरी म्हणालं. त्याला गप्प करण्यात आलं.

मास्तरांनी साहेबाचा हुकूम काढून वाचला. त्यात लिहिलं होतं : बॅटरीत फक्त शुद्ध पाणी घालावे. "कोणाचं ते लिहिलेलं नाही," मास्तर म्हणाले, आणि हात झटकून मोकळे झाले.

"पाहा!" खुशालराव गरजला. "सायबालेही समजते. शुद्ध!"

नेमक्या त्याच वेळी इनायतुल्ला दारात आला. हातात पाण्याची कळशी, तोंडावर फडकं बांधलेली. सगळे वळले. खुशालरावानं विचारलं, "का मियाँ, हे पानी कोनी मांगलं तुमाले?"

इनायतुल्लानं नत्थुजीकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. "म्या" हा शब्द फार मोठा नाही, पण नत्थुजीला तो उचलवेना.

"मले काय मालूम," तो म्हणाला. "म्या तं नाई मांगलं."

इनायतुल्लानंच सावरून घेतलं. "पानी कुठचं रावसाहेब, गुलाबजल हाय. इकाले आनलं. कोनाले पाह्यजे का?" कोणालाच नको होतं. तो कळशी घेऊन परत गेला. नत्थुजीला वाटलं, त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता तारेला शुद्ध पाणी कुठून आणायचं? खुशालरावाच्या देवघरात काशीहून आणलेला गंगेचा सीलबंद गडू होता. गडू एक आणि बरण्या पलटणभर. पण त्याचाही उपाय शास्त्रात होताच. गंगेचा एक थेंब पडला की विहीर गंगा होते, हे वऱ्हाडात लहान पोरही सांगेल. तारघरामागच्या विहिरीत थेंब सोडला, नारळ फोडला, आणि खुशालरावानं पोहरा नत्थुजीच्या हाती दिला.

नत्थुजीला ठाऊक होतं, गंगा झाली तरी ती खारीच आहे. आता तोंड उघडायचं तर कालपरवापर्यंत कोणाचं पाणी घालत होतो तेही सांगावं लागणार. त्यानं तोंड मिटलं आणि पाणी ओतलं. एकेका बरणीला, काळजीपूर्वक, एक थेंबही न सांडता. वाईट कामही त्याला नीटच करता येई.

बरण्यांना दाढ्या उगवल्या. यंत्र तोतरलं, मग मुकं झालं. तारेचं असं असतं, पलीकडून बोलणाऱ्याला इकडून हुंकार लागतो, गोष्ट सांगणाऱ्याला लागतो तसा. हुंकार द्यायलाही बरण्यांत दम हवा. हुंकार नाही म्हटल्यावर अमरावतीवाला लोकांच्या तारा घेऊन ठेवू लागला, लाइन उघडली की पाठवू म्हणून. देणाऱ्यांना वाटे, पोचली.

खुशालराव मात्र खूश होता. भाव येतच नव्हता, त्यामुळे उतरतही नव्हता.

इनायतुल्ला रोज रस्त्याच्या पलीकडे, लिंबाखाली येऊन उभा राही. आत येत नसे. नत्थुजी खिडकीतून मान हलवून "नाई" म्हणे. तार आली नाही, हे खरंच होतं. का आली नाही, ते मानेनं सांगता येत नव्हतं.

एका दुपारी तो लिंबाखाली दिसला नाही. नत्थुजीला ते सोसवेना. तो उठला, घडा घेतला आणि भर बाजारातून, खुशालरावाच्या ओट्यासमोरून, अत्तरवाल्याच्या अंगणात गेला. इनायतुल्ला बैलांपुढे कडबा टाकत होता.

"चाचा, बॅटरी मेली. म्याच मारली. पानी द्या."

"कवापासून मेली?"

नत्थुजीनं सांगितलं. इनायतुल्लाच्या हातातला कडबा हातातच राहिला. आतून हलीमाबीचा आवाज आला, "मंग नत्थूभाऊ रोज मान कायले हालवत होते?" इनायतुल्लानं डेगीखाली जाळ केला.

नत्थुजीनं बरण्या धुतल्या, जस्त घासलं, मोरचूद घातलं, नवं पाणी भरलं. मास्तर यंत्रापुढे बसले. यंत्र खाकरलं आणि बोलू लागलं. अमरावतीवाल्याकडे बरंच साठलं होतं. मास्तर उतरवून घेत होते. मधेच त्यांचा हात थांबला.

"इनायतुल्लाच्या दोन आहेत," ते म्हणाले. "एकामागोमाग."

नत्थुजी धावत गेला. बोलल्याप्रमाणे धावतच. दमणी जुंपून दारात उभी होती, हलीमाबी बोचकं मांडीवर घेऊन आत बसली होती.

"बोलली?" इनायतुल्लानं विचारलं.

"दोन तारा हायेत चाचा. पयली..." त्याचा श्वास पुरेना. "पयली म्हन्ते, रईसाचे पाय लय सुजले, ताप हाय, अम्मीले घेऊन तुरंत निघा."

हलीमाबीनं "चला" म्हटलं.

"आन् दुसरी?"

नत्थुजीनं जमिनीकडे पाहून सांगितलं. "दुसरी म्हन्ते, पोरगं झालं, बरं हाय." मग पुढचं सांगावंच लागलं. "आता घाई नाई म्हन्ते."

हलीमाबीनं बोचकं मांडीवरून खाली ठेवलं. बैलांनी माना हलवल्या.

"पयली कवाची होती?" इनायतुल्लानं विचारलं.

नत्थुजीनं सांगितलं. त्या दिवशी निघाले असते तर रईसा जिवंत असताना पोचून वर वेळ उरला असता. ते हिशेब न करताही तिघांना कळलं.

"चाचा, म्या येतो संगं. बैल हाकतो."

"नको." इनायतुल्लानं कासरा हातात घेतला. आवाजात राग नव्हता. तो शोधूनही नत्थुजीला सापडला नाही. "तुमी तारेपाशी बसा, नत्थुजी. कोनाची तरी खबर येत असंन."

नत्थुजी परत येऊन बरण्यांजवळ बसला. उतरवलेलं पाणी इतकं चांगलं होतं की त्या दिवशी यंत्र एकदाही अडखळलं नाही. संध्याकाळपर्यंत भाव येत राहिले, एकेक अक्षर स्वच्छ.