साहेबांचं वजन

पडद्यावर चेअरमन साहेबरावांचा फेटा उतरत होता. म्हणजे फोटोतला, वरून खाली, एकेक रेघ. मोडेमने मघाशी बोंबलून बोंबलून लाइन धरली होती आणि फेट्याच्या दुसऱ्या पिळापाशी येऊन आता ते दम खात होतं. केशव समोर बसून होता. बसणं हेच काम.

शहागडच्या अलीकडच्या त्या साखर कारखान्याची वेबसाईट असावी, असा ठराव संचालकांनी एकमताने केला होता, कारण शेजारच्या कारखान्याने तो आधी केला होता. साहेबरावांचा फोटो सगळ्यात वर, हेही एकमताने. सत्कारातली मोठी फ्रेम अंबडला नेऊन स्कॅन करून आणलेली. त्यामुळे आधी साहेब उघडत, मग जमलंच तर कारखाना.

गुरुवारी मुंबईहून अधिकारी ही साईट बघायला येणार होते. एमडींनी केशवला स्वच्छ सांगितलं होतं, "उघडली नाही, तर तुम्ही परत काट्यावर."

काटा म्हणजे उसाच्या गाड्या तोलायची जागा. तिथल्या धुळीत केशवने उमेदीची वर्षं घातली आणि बदल्यात दमा मिळवला. पुढे कॉम्प्युटरला उकाडा सोसत नाही म्हणून या खोलीला एसी बसला, आणि कॉम्प्युटरच्या पुण्याईने केशवची छाती निवली. बायकोने, नीलाने, त्याचा दम्याचा पंप कपाटात मागे सारून ठेवला होता. तो पुन्हा पुढे येऊ नये, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा उरली होती.

साहेबांचा पी.ए. भुजंग दारातून डोकावला. "उघडली का हो?"

"कशी उघडंल? साहेबांचं वजन फार झालंय. ते कमी केल्याबिगर काही हलायचं न्हाई."

भुजंग आत आला, दार लोटून घेतलं. "मंग, कमी करून राह्यले तुम्ही?"

"करून ठेवलंय. आज चढवतो."

"अन् कोणाच्या लक्षात आलं म्हंजे?"

"न्हाई येत. हळूच करायचं असतं."

भुजंग तडक साहेबांच्या केबिनकडे गेला. संचालकांची निवडणूक दिवाळीनंतर आहे, हे केशवला तो गेल्यावर आठवलं.

चहा यायच्या आत बोलावणं आलं.

"बसा, केशवराव," साहेबराव म्हणाले. बसा म्हणाले, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "आमचं वजन कमी झालं म्हणून सांगून राह्यले म्हणं तुम्ही?"

"झालं नाही, साहेब. करावं लागेल."

"कोण म्हणतं करावं लागंल?"

"फोटोचं, साहेब. फोटो जड आहे. चेहरा तोच राहतो, फेटा तोच. ऊस पिळल्यावर कसा रस आपल्याकडे राहतो, चिपाड तेवढं जातं…"

खुर्चीमागे उभ्या भुजंगने डोळे मिटून घेतले.

"म्हंजे आमच्यात चिपाड हाये," साहेबराव शांतपणे म्हणाले.  मग त्यांनी विचारलं, "अप्पारावाचं वजन किती?"

अप्पाराव व्हाइस चेअरमन; दिवाळीनंतर त्यातला पहिला शब्द काढून टाकायचा त्यांचा विचार होता. केशव खरं बोलण्याइतका थकला होता.

"त्यांचा पासपोर्टचा फोटो आहे. काहीच नाही."

"काहीच न्हाई!" साहेबराव खुर्चीत मागे रेलले. "मंग आमचं हाये तेवढंच राहू द्या. बिलकुल हात लावायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी अप्पाराव स्वतः आले. काखेत पोळ्यातला फोटो, बैलजोडीसकट. "केशवराव, आमचं बी वजन साहेबांच्या बराबर करा. जास्त न्हाई म्हणत मी. बराबर."

"अप्पा, साईट उघडायची नाही अशानं."

"न्हाई उघडली तर न्हाई. पर उघडली तर आम्ही कमी नको भरायला."

दुपारनंतर बाकीचे संचालकही आपापलं वजन घेऊन आले. केशवने सगळ्यांना चढवलं. नोकरदार माणूस, दुसरं काय करणार?

गुरुवारी अधिकारी आले, हारतुरे झाले, सगळे पडद्यासमोर बसले. फेटा आला. चहा आला. कपाळ आलं. पोहे आले. भुवयांनंतर लाइन तुटली आणि पुन्हा फेट्यापासून सुरुवात झाली. अधिकारी घड्याळ पाहून उठले. "छान आहे," म्हणाले.

साहेबराव खूष होते. मुंबईचे अधिकारी आपल्यापुढे एवढा वेळ गप्प बसल्याचं त्यांनी प्रथमच पाहिलं होतं. पण साईट उघडली नव्हती हेही खरंच, आणि त्यासाठी कोणीतरी काट्यावर जाणं भाग होतं. एसी खोलीतच राहिला. कॉम्प्युटरला उकाडा सोसत नव्हता.

गाळप सुरू झालं तेव्हा केशव तोंडाला रुमाल बांधून काट्याच्या खिडकीत बसला होता, खिशात पंप. उसाची गाडी काट्यावर चढवून गाडीवान कचरू खाली उतरला आणि आकडा बघून ओरडला, "ओ साहेब, वजन कमी झालं की हो!"

केशवने खोकला आवरला, इकडेतिकडे पाहिलं.

"हळू बोल, बाबा," तो म्हणाला. "कोणाचं ते आधी सांगत जा."