आकारामची गाडी उभी राहिली की तापायची

पळताना थंड आणि उभी राहिली की गरम, अशी गाडी मी उभ्या जन्मात एकच बघितली. ती आकारामची.

आकाराम माझा शेजारी. आटपाडीपासून तासाभराच्या वाटेवर आमचं गाव, आणि त्याचं घर नि माझं घर एकाच बांधाला टेकलेलं. त्याच्या बापापर्यंत घरात मेंढरंच होती. आकारामनं ती विकून जुना ट्रक घेतला, पण मेंढरांशी नातं तुटू नये म्हणून त्यातून लेंडीखत वाहायला लागला, थेट पाचगणीच्या स्ट्रॉबेरीवाल्यांना. पाचगणीला आलेले पाहुणे बशीत ती लालचुटूक फळं घेऊन फोटो काढतात, त्यात आमच्या गावच्या मेंढरांचा केवढा वाटा आहे हे त्यांना कोणी सांगत नाही. सांगूही नये. ट्रकचं वय सत्तावीस. कपाळावर लेकीचं नाव, सृष्टी.

शिमग्याच्या सुमारास भानगड सुरू झाली. खत भरून गाडी घाट चढून गेली, मी सोबत, काही तक्रार नाही. वर नाक्यावर पाहुण्यांच्या गाड्यांत अडकली, पाव तास जागेवर घुरघुरत उभी राहिली, आणि तापमानाचा काटा चढत चढत लाल रेघेला टेकला. आकारामनं बॉनेट उघडलं तर वाफेचा लोट. त्या वाफेवर मी भुईमुगाच्या शेंगा उकडून खाल्ल्या. मीठ तेवढं कमी पडलं.

गर्दी सुटली, गाडी पळायला लागली, दोन मैलांत काटा आपोआप खाली. आकाराम माझ्याकडे बघतोय, मी काट्याकडे. बैल चालून दमतो आणि उभा राहिला की दम खातो. ही बया पळून दम खात होती आणि उभी राहून दमत होती.

आटपाडीचा कृष्णात मेस्त्री नावाजलेला माणूस. त्यानं आधी पाण्याचा वॉल्व्ह काढून टाकला. गाडी तापली. मग पंख्याचा पट्टा आवळला. तापली. रेडिएटर खाली उतरवून ॲसिडनं धुतला, त्यातून लाल चिखल निघाला; मी गावात सांगितलं की आत एक खेकडा पण होता, आणि दोघातिघांना तो दिसलाही. तरी गाडी तापलीच. शेवटी कृष्णातनं पाण्याचा पंप बदलला, हात पुसले आणि म्हणाला की गाडीत दोष नाही, उभं राहण्यात दोष आहे, तेव्हा उभी करू नका.

आता एरवी हा सल्ला चालून गेला असता. पण चैत्रात सृष्टी येणार होती.

पोरगी सीमा सुरक्षा दलात लागली होती. ट्रेनिंग संपवून वर्षभरानं रजेवर गावी येत होती. आमच्याकडं फौजी रिटायर होऊन आला की गाव त्याला मिरवून आणतं. पण पोरगी वर्दी घालून येणं ही गावातली पहिलीच वेळ. ठरलं की स्टँडपासून बिरोबाच्या देवळापर्यंत मिरवायची, धनगरांचे गजीढोल लावून. अंतर फार नाही, पण गजीवाले दर चौकात फेर धरतात, आणि फेर सुटल्याशिवाय गाडीला पाऊल पुढं टाकता येत नाही. म्हणजे अडीच तासांतले दोन तास गाडी जागेवर उभी.

गावातल्या हंबीररावानं आपली बिनटपाची जीप देऊ केली. माणूस वाईट नव्हे, खरं तेच बोलला. मधेच गाडीनं वाफ सोडली तर पोरीला सगळ्या गावादेखत उतरवून जीपमध्ये बसवावं लागेल, त्यापेक्षा आधीच जीप न्या.

आकाराम म्हणाला, "माझ्या गाडीवर चढंल, आन् देवळापतूर उतरायची न्हाई."

त्याचं कारण मला ठाऊक होतं. भरतीच्या आधी दोन वर्षं ही पोरगी रोज पहाटे रस्त्यावर पळायची, आणि आकाराम मागून ट्रकचे दिवे लावून तिच्या पावलाला पाऊल देत यायचा. तासभर, गोगलगायीच्या चालीनं. दुसरं काही तिला देता आलं नाही, उजेड दिला. आता तीच पोरगी दुसऱ्याच्या गाडीवर उभी राहिलेली बघायची, हे त्याला सोसवणारं नव्हतं.

आणि गोंधळ इथंच वाढत होता. तेव्हा तासभर हळू चालूनही काटा हलला नव्हता. मग आताच काय झालं? आकाराम रोज बॉनेट उघडून आत डोकं घालून बसायचा आणि रोज तेच दिसायचं. इंजिन, पट्टा, पंखा, रेडिएटर. सगळं जागच्या जागी.

सल्ले द्यायला गाव कमी नव्हतं. कोणी म्हणालं लिंबू बांधा. मी म्हणालो मिरवणूकच पळवत काढू, ताशी चाळीसनं, गजीढोलवाल्यांना मोटारसायकलीवर मागं बसवायचं, बिरोबाला जरा लवकर भेटू. आकारामनं यावर दोन मिनिटं खरंच विचार केला. इतका तो टेकीला आला होता.

अचूक बोलली ती फक्त रंगुबाई, आकारामची आई. तिचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलेलं. ओट्यावरून तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "मेंढरू चालतं हाय तवर त्येला वारं लागतंय. उभं ऱ्हायलं की उभ्याला वारं कोण घालणार?"

आम्ही हसलो. कृष्णात तर जास्तच. पंखा काय शोभेला बसवलाय काय, म्हणाला. म्हातारी उठली, सूप घेतलं, आणि घुरघुरत्या गाडीपुढं उभी राहून जाळीवर वारं घालायला लागली. काटा थोडा खाली आला. ते आम्ही सगळ्यांनी बघितलं आणि त्यावरून कोणी काहीही बोध घेतला नाही. उलट मी म्हणालो की मिरवणुकीपुढं सूपवाल्या वीस बायका चालवू.

मिरवणुकीच्या सकाळी विजयमाला, म्हणजे आकारामची बायको, झेंडूची दोन पोती घेऊन दारात बसली होती. गाडीच्या नाकावर बांधायला तिला फुलांचं मोठं चक्र करायचं होतं, पण फुलं ओवायला गोल काही मिळेना. शेजारधर्म म्हणून मी माझ्या खुराड्यापुढचं पत्र्याचं कडं आणून दिलं. चांगलं पाटीएवढं रुंद, घमेल्यापेक्षा मोठं. कार्तिकात आकारामनं बांधावर भंगार टाकलं होतं, त्यातनं मी ते उचललं होतं, आणि माझ्या कोंबड्या पाच महिने त्यात अंडी घालत होत्या. विजयमालानं ते धुतलं, दोन तास बसून झेंडूनं मढवलं, आणि गाडीच्या पुढं लटकवलं. गाडी नवऱ्यामुलासारखी दिसायला लागली.

सृष्टी एष्टीतून उतरली. वर्दी, बूट, डोक्यावर टोपी. रंगुबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. पोरगी हौद्यात चढून केबिनच्या मागं उभी राहिली, आकाराम स्टेअरिंगवर बसला, मी त्याच्या शेजारी, मांडीवर पाण्याचे दोन कॅन. ढोल सुरू झाले.

पहिल्या चौकात फेर. काटा अर्ध्यावर. दुसऱ्या चौकात फेर, आणि तिथं गजीवाल्यांना चेव आला. काटा चढला. आकाराम काट्याला नजर लावून बसलेला, जणू नजरेनं तो खाली दाबणार. शाळेसमोर पोचेतो काटा लाल रेघेवर गेला आणि बॉनेटच्या फटीतून पहिली वाफ निघाली. मागं वळून बघितलं तर हंबीररावाची जीप कधी येऊन उभी राहिली होती कळलंच नाही. हॉर्न वाजवला नाही त्यानं, तेवढी सभ्यता होती.

आकारामनं गाडी बंद केली. ढोल एकेक करून थांबले. तो स्टेअरिंगला दोन्ही हात धरून तसाच बसला, खाली उतरेना.

तेवढ्यात वरनं बुटांचा धप्प आवाज झाला. सृष्टी गळ्यातले हार काढत पुढं आली. कृष्णात तिला अडवायला धावला, तापलंय म्हणाला, पण तिनं फडकं घेऊन बॉनेट उचललं आणि आत बघत राहिली. आम्ही रोज बघायचो तेच. पण आम्ही रोज बघत होतो, ती वर्षानं बघत होती.

"आण्णा," ती म्हणाली, "माझं बोट कापणारं कडं कुठाय?"

आकाराम उतरला. कसलं कडं, म्हणाला. तिनं उजव्या हाताचं बोट दाखवलं, त्यावर पांढरी रेघ. सातवीत असताना त्याला पाना देताना पंख्याभोवतीच्या पत्र्याची कड लागली होती, तीन टाके पडले होते.

मग हळूहळू आकारामला आठवलं. कार्तिकात रेडिएटर गळायला लागला म्हणून गाडी सांगलीला, विश्रामबागेकडच्या एका मेस्त्रीकडं नेली होती. त्यानं रेडिएटर जोडून दिला आणि कडं हौद्यात फेकलं, जुन्या गाडीला ह्याची गरज नसते म्हणून. थंडीत काही कळलं नाही. ऊन वाढलं तेव्हा कडं कोणाच्या ध्यानातही नव्हतं.

"ते टाकलं की मी बांधावर," आकाराम म्हणाला.

बांध म्हटल्यावर मी पाण्याचे कॅन उचलून हळूच मागं सरकलो. पोरीची नजर फिरत फिरत गाडीच्या नाकावर आली आणि झेंडूवर थांबली. तिनं दोन फुलं बाजूला सारली. आत पत्रा.

"आज्जा, हे कुणी आणलं?" तिनं मला विचारलं.

एरवी मला अशा वेळी सतरा गोष्टी सुचतात. त्या वेळी खरं तेच तोंडातून निघालं. "माझ्या कोंबड्यांचं हाय," मी म्हणालो.

आधी रंगुबाई हसली. मग कोणाला आवरेना. ज्या वस्तूसाठी आम्ही पंप बदलला, ॲसिड ओतलं, ती पंख्यापासून हातभर पुढं फुलं लेवून लटकत होती. सृष्टीनं कृष्णातला समजावलं की कडं नसलं तर पंखा जाळीतनं वारं ओढत नाही, आजूबाजूचंच गरम वारं घुसळत बसतो. गाडी पळताना समोरून वारं मिळतं म्हणून भागतं. कृष्णातनं म्हातारीकडं बघायचं टाळलं.

कडं दोन अर्धांचं होतं, दोन बोल्ट काढले की उघडणारं. इंजिन निवेपर्यंत गजीवाल्यांनी तिथंच फेर धरला. कृष्णातनं नि सृष्टीनं मिळून ते पंख्याभोवती बसवलं, जिथं बोल्ट सापडले नाहीत तिथं तार पिळली. फुलं काढायला विजयमालानं साफ नकार दिला. समोरची काढली, मागची राहिली. सृष्टी परत वर चढली. हंबीररावानं जीप मागं घेतली आणि स्वतः पायी चालायला लागला.

गाडी सुरू झाली आणि पंख्यानं झेंडू ओढून घेतला. पुढचे तीन चौक गाडीच्या पोटाखालून पाकळ्या उडत होत्या. गजीवाल्यांच्या धोतरांवर, हंबीररावाच्या मिशीत. काटा अर्ध्याच्या वर गेला नाही. लोक म्हणतात पाकळ्या थोड्याच होत्या, मी वाढवून सांगतो. म्हणोत.

देवळापाशी सगळे पोरीभोवती गोळा झाले. आकाराम केबिनमध्येच होता. गाडी बंद, तरी नजर काट्यावर.

"लालातात्या," तो मला म्हणाला, "वर कशी दिसत हुती वं? मला काट्याबिगर काय दिसलं न्हाई. आन् आज थाप नगं."

शेवटचे तीन चौक मी खाली उतरून चाललो होतो, म्हणून मी बघितलं होतं. जे बघितलं तेच सांगितलं. पोरीनं लोकांकडं फारसं बघितलंच नाही. एका हातानं सलाम घेत होती, दुसऱ्या हाताचा तळवा केबिनच्या टपावर, आजारी जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा. बरोबर आकारामच्या डोक्यावर. शाळेपासून देवळापर्यंत तिनं तो उचलला नाही.

आकारामनं माझ्याकडं नीट बघितलं.

"थापा," तो म्हणाला.

मग त्यानं हात वर नेला आणि आतून टपाला लावला. चैत्राच्या उन्हानं पत्रा चटका देत होता, पण त्यानं हात काढला नाही.