दोन तासांच्या कामाचे सहा आठवडे

मित्रांनो, मी एक जुना सोफा आहे. लाकूड भक्कम, पण मधोमध पार खचलेला. माझी उमेदीची वर्षं एका दातांच्या डॉक्टरांकडे गेली. तिथे जो तो माझ्यावर जीव मुठीत धरून बसे, मग माझं कौतुक कोण करणार?

पुढे मला समुपदेशक ताईंनी आणलं. त्यांच्याकडे दर शनिवारी दुपारी एक गट जमतो. कुणी मुलगा असतो आणि त्याचं मन मुलावरच जडलेलं असतं. कुणाला सगळे मुलगा म्हणतात, पण आपण मुलगी आहोत हे तिला पक्कं ठाऊक असतं. घरी बोलायची चोरी, बाहेर टिंगल. अशाने मन आजारी पडतं. इथे येऊन ती बोलतात, रडतात आणि मग अशी खिदळतात की माझ्या स्प्रिंगा कुरकुरतात. मला ते फार आवडतं.

एक मुलगी मात्र तीन शनिवार माझ्या एका टोकाला नुसती बसून गेली. पिशवीसुद्धा मांडीवरून खाली ठेवली नाही. तिचं एका मुलीवर प्रेम होतं आणि ते घरी कळेल या धास्तीने तिची झोप उडाली होती, घास घशाखाली उतरत नव्हता. चौथ्या शनिवारी तिने तोंड उघडलं, आणि मग थांबायचं नावच नाही! हळूहळू ती जेवू लागली, झोपू लागली. धीर करून तिने घरी सांगितलं. वडिलांनी ऐकून घेतलं आणि तिच्याशी बोलणंच टाकलं. एवढं एकच तिला सलत होतं.

वडील सोफे शिवणारे कारागीर. ताईंनी त्यांना शनिवारी संध्याकाळी होणाऱ्या पालकांच्या बैठकीला बोलावलं, तर म्हणाले, "वेळ नाही." मग मुलगी घरी आईला मोठ्याने म्हणाली, "तिथला सोफा पार खचलाय." पुढच्याच शनिवारी संध्याकाळी हे गृहस्थ दाभण-सुतळी घेऊन हजर!

"मी फक्त सोफ्यासाठी आलोय. तुमचं चालू द्या."

काम दोन तासांचं होतं. पण पालक बोलू लागले की यांचा हात थांबे. एका आईने मुलाला घराबाहेर काढलं होतं. ते सांगताना ती रडली, तेव्हा यांनी माझ्यामागे बसून डोळे पुसले. सगळे गेल्यावर घातलेले टाके गुपचूप उसवले. दर शनिवारी हेच, सहा आठवडे! एवढी शिवण-उसवण मी जन्मात सोसली नव्हती, पण ब्र काढला नाही.

सातव्या शनिवारी मुलगी विसरलेली छत्री न्यायला परत आली.

"बाबा, हे काय? उसवताय?"

त्यांनी दाभण खाली ठेवलं आणि ते माझ्यावर टेकले. "काम संपलं, तर परत यायला कारण काय सांगू? एवढा मोठा माणूस मी, पण या दारातून नुसतं आत यायला मला लाज वाटत होती." मग तिच्याकडे बघत हळूच म्हणाले, "तू पहिल्यांदा इथे एकटी कशी गं आलीस?"

ती धपकन त्यांच्याशेजारी बसली. अर्धवट उसवलेला मी दोघांसकट खाली गेलो. बापलेक हसत सुटले, आणि मीही.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी असं गप्प गप्प झालं, तर त्याला अशा ठिकाणी एकट्याला पाठवू नका. सोबत जा. अगदी कारणच हवं असेल, तर घरातला सोफा मोडा. आम्ही रागावणार नाही.