तहकुबीतला अर्धा तास

“गणपूर्तीअभावी सभा तहकूब करण्यात येत आहे. अर्ध्या तासाने ती याच ठिकाणी भरेल आणि तेव्हा गणपूर्तीची अट राहणार नाही,” असं रुचिताताईंनी वाचून दाखवलं. ऐकायला घरत सर आणि मी, दोघंच होतो. डोंबिवलीतल्या एका शाळेतला सातवीचा वर्ग आम्हाला रविवारी दुपारी मिळायचा. घरत सर शिक्षकांच्या खुर्चीत बसले होते आणि रुचिताताई व मी लहान बाकांवर, गुडघे कसेबसे आत घालून.

आमच्या भूगोल अभ्यासक परिषदेच्या सभा गेली कित्येक वर्षं अशाच आधी तहकूब होऊन मग भरत आल्या आहेत. या वेळी विषयपत्रिकेवर शेवटी ‘परिषदेचे विसर्जन’ होतं, एवढाच फरक. शाळेला पुढच्या वर्षी वर्ग देता येणार नव्हता. अध्यक्ष घरत सर ऐंशीच्या पुढे गेलेले, एक मजला चढायला त्यांना दोनदा थांबावं लागतं. रुचिताताई कार्यवाह, त्या आता मुलीकडे नाशिकला राहायला जाणार होत्या. राहिलो मी. कार्यवाहपद मला झेपलं असतं का, कोण जाणे. कुणी विचारलं नाही, आणि मीही काही बोललो नाही.

मी एक गोष्ट मात्र केली होती. कल्याणच्या वाचनालयात मेघना नावाची मुलगी खाडीचे जुने नकाशे शोधत असायची. भूगोल घेऊन एम.ए. करत होती. तिची आजी भीमाबाई तरुणपणी कोलशेतच्या बाजूला मिठागरावर मीठ वाहायला जायची. मिठागराच्या एकेका तुकड्याला नाव असतं. ती नावं मेघना आजीकडून उतरवून घेत होती. तिच्या कॉलेजातले सर म्हणाले होते, नुसत्या नावांचा काय अभ्यास करायचा.

मी सहसा अनोळखी माणसाशी बोलत नाही. तिच्याशी बोललो. म्हणालो, परिषदेची विद्यार्थी सभासद हो. नियतकालिकं वाचायला मिळतील, अधिवेशनात निबंध वाचता येईल, दुसऱ्या कॉलेजांतल्या प्राध्यापकांची ओळख होईल, पुढे पीएच.डी. करायची झाली तर कुणाकडे जावं ते कळेल. हे सगळं खरंच होतं, पण बोलताना मला ते पत्रकातल्यासारखं वाटत होतं. मला सांगायचं होतं ते निराळं होतं.

विद्यार्थी असताना मी याच परिषदेत कल्याणमधल्या जुन्या विहिरींवर निबंध वाचला होता. वाचून झाल्यावर मागच्या बाकावरून एका दांडग्या तरुण शिक्षकाने विचारलं, “ही पोखरण तळ्याजवळची विहीर तुम्ही पाहिलीत का?” मी पाहिली नव्हती. पुस्तकात वाचली होती. आता सगळे हसतील म्हणून मी खाली बघत राहिलो. तो म्हणाला, “मग येत्या रविवारी जाऊ.” आणि खरोखरच घेऊन गेला. तो तरुण म्हणजे घरत सर. त्यानंतर किती विद्यार्थ्यांना त्यांनी हाच प्रश्न विचारला आणि किती रविवार त्यांच्याबरोबर घालवले, त्याला गणती नाही. असं कुणीतरी मेघनाला भेटावं, एवढंच मला म्हणायचं होतं.

विसर्जनाचं मी तिला सांगितलं नाही. वाटलं, ही चार मैत्रिणी घेऊन आली, तर सर म्हणतील, चला, अजून एक वर्ष ओढू.

ती एकटीच आली.

“मेंदीचा क्लास खाली आहे गं,” घरत सर दाराकडे बघून म्हणाले.

“नाही सर, मी सभेला आलीय. मला सभासद व्हायचंय.”

सरांनी चष्मा काढला. रुचिताताई माझ्याकडे वळल्या. “देवधर, तुम्ही हिला सांगितलं नाहीत?”

मग त्यांनीच विषयपत्रिका तिच्यापुढे धरली. तिने ती वाचली आणि परत दिली.

“काका, तुम्ही तर बोललेलात की अधिवेशन असतं,” ती मला म्हणाली.

“असायचं,” मी म्हणालो.

“बाय, गाडी कारशेडला चाललीय आणि तू आता चढतेस,” सर म्हणाले.

“मी सभासद झाले तर बंद करायला नाही लागणार ना?”

“झालीस तर ही दोघं तुलाच कार्यवाह करून मोकळी होतील. परीक्षा कधी आहे तुझी?”

“एप्रिलमध्ये.”

“मग परीक्षा दे.” सरांनी तिच्या हातातल्या कागदांकडे बोट दाखवलं. “काय आणलंयस?”

“निबंध. काका म्हणाले होते, नवीन सभासदाला वाचायला देतात.”

“देतात. वाच. नाहीतरी अर्धा तास आम्ही एकमेकांची तोंडंच बघणार होतो.”

तिने आधी फळ्यावर खडूने मिठागर काढलं. खाडीकडचा बांध, भरतीचं पाणी आत घ्यायची उघाडी, मग तुकडे आणि प्रत्येकात नाव. वाकडी. सासूचा तुकडा. उघाडीला लागून होता त्याचं नाव उपाशी, कारण तिथे मीठ धड धरायचंच नाही. ती भरभर वाचत होती, श्वास घ्यायला भलत्याच ठिकाणी थांबत होती. घरत सरांचा जन्म कोलशेतचा. ते डोळे मिटून ऐकत होते. झोपले की काय, अशी मला भीती वाटली.

वाचन संपलं. सर डोळे न उघडताच म्हणाले, “तू तिथे गेलीस का?”

“गेलेले सर. आत नाही सोडलं. वॉचमन बोलला, सॅम्पल फ्लॅट बघायचाय का. मी हो बोलले, तेव्हा सोडलं.”

रुचिताताई मोठ्याने हसल्या. सरही हसले.

“वरून काय दिसलं?”

“स्विमिंग पूल.”

“हं. तुझी उपाशी चुकलीय. ती उघाडीजवळ नाही, पार पलीकडच्या टोकाला. आम्ही पोरं तिथे खेळायचो. मीठ धरत नाही म्हणून कुणी ओरडायचं नाही.”

“आजीने तर उघाडीजवळच सांगितली.”

“आजीला पुन्हा विचार.”

“आजी गेली, सर. दिवाळीच्या आधी.”

खालून मेंदीच्या क्लासमधल्या मुलींचा आवाज येत होता. मेघना खडू बोटांत फिरवत राहिली. मग म्हणाली, “आता सांगणारे तुम्हीच आहात.”

सर खुर्चीत पुढे सरकले. वर्षानुवर्षं ऐकलेल्या त्याच आवाजात म्हणाले, “मग येत्या रविवारी जाऊ. उभं राहून दाखवतो तुला...” आणि थांबले. काठी टेबलाला टेकवून ठेवलेली होती. ती घसरत होती, ती त्यांनी पकडली.

“तिथे आता स्विमिंग पूल आहे, नाही का,” ते म्हणाले.

रुचिताताईंनी घड्याळ पाहिलं. “सर, वेळ झाली.”

सभा भरली. मेघना आपणहून मागच्या बाकावर जाऊन बसली. मागच्या सभेचं इतिवृत्त, जमाखर्च, सगळं भराभर झालं. शिल्लक पुस्तकं वाचनालयाला द्यायची ठरली. मग सर म्हणाले, “विसर्जनाच्या बाजूने?” रुचिताताईंनी हात वर केला. मी सरांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांना थांबवणारा शब्द मी शोधत होतो, पण शब्द सापडला असता तरी त्यांना जिना चढावाच लागला असता. मीही हात वर केला.

इतिवृत्तात मेघनाचं नाव नाही. तहकुबीच्या अर्ध्या तासात घडलेलं काही लिहायचं नसतं.

वर्ग जसा मिळाला तसा परत करायचा, हा आमचा नियम होता. मी डस्टर घेतलं.

“थांबा देवधर.” सर उठले. काठी टेकत फळ्यापर्यंत गेले. मेघनाने लिहिलेल्या ‘उपाशी’पुढे त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं. मग पलीकडच्या टोकाच्या रिकाम्या तुकड्यात वाकड्या अक्षरात पुन्हा ‘उपाशी’ लिहिलं आणि त्याच्यापुढेही तसंच प्रश्नचिन्ह काढलं.

“दोन्ही ठेव निबंधात,” ते म्हणाले. “एकाचंही नाव खोडू नकोस.”

मेघनाने मोबाइलवर फोटो काढला. मग पुन्हा एक काढला. रुचिताताई सरांना धरून जिन्याकडे घेऊन गेल्या. काठीचा आवाज एकेका पायरीवर थांबत खाली जात होता.

“काका, रविवारी तुम्ही याल?” तिने विचारलं.

“मला त्यातलं काही कळत नाही गं. मी ती जागा कधी पाहिलेली नाही.”

मी फळा पुसायला लागलो. आधी खाडी, मग बांध. उघाडीपाशी आल्यावर हात जरा थांबला, पण सोमवारी सकाळी तिथे मुलांची शाळा भरायची होती.

“सॅम्पल फ्लॅट किती वाजता उघडतो?” मी विचारलं.