नावं गुप्त ठेवली आहेत

गुप्ततेवर आम्हाला व्याख्यानं द्यायचे ते प्रोफेसर दामेव्स्कीच. सामाजिक संशोधनाच्या एम.ए.च्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'माहिती देणाऱ्याचं नाव मेलं तरी सांगायचं नाही.' आणि माझ्या प्रबंधाच्या जाहीर तोंडी परीक्षेला पहिल्या रांगेत त्यांनी कुणाला बसवलं? ट्रायान साहेबांना! ज्यांच्या शर्टांच्या कारखान्यावर माझा प्रबंध, त्यांनाच. म्हणे, विभागाला संगणक त्यांनी दिले, मग बोलवायला नको? माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

आधीही हेच. मुलाखती कारखान्याच्या कँटीनमध्ये घ्यायच्या, हे प्रोफेसरांनी साहेबांना विचारून ठरवलं. दारात मुकादमबाई हाताची घडी घालून उभी. समोर बसलेली प्रत्येक बाई एकच पाढा म्हणायची, "सगळं छान आहे, देवाची कृपा." असली उत्तरं लिहून मी कपाळ संशोधन करणार होते!

खरं ऐकायला मिळालं ते सप्टेंबरात, आमच्या अंगणात. आयवार, म्हणजे मिरच्यांची कढईत आटवलेली चटणी, घालायचे दिवस. वर्षभराचं आयवार कुणी एकटीनं घालत नाही. गल्लीतल्या बाया जमतात, लाल ढोबळ्या मिरच्या भाजतात, आणि साली काढता काढता तोंडं सुटतात ती सुटतातच. त्या दिवशी जमलेल्या सगळ्या साहेबांकडे शिवणावर होत्या. मी विचारलं, "रेकॉर्ड करू का?"

"कर की," ब्लागीत्सा काकू म्हणाली. "पण आमचं नाव कुठं फुटलं ना बिसेरा, तर या कढईत तुलाच घालून ढवळीन."

मग तिनंच सांगितलं. मशीनच्या अख्ख्या रांगेला संडासाचा एकच बिल्ला. तो मुकादमबाईकडे मागायचा, आणि आधीची परत आली तरच मिळायचा. म्हणून ऐन उन्हाळ्यात बाया पाणीच प्यायच्या नाहीत. काकूला त्यापायी मूत्रपिंडाचं दुखणं लागलं.

"दवाखान्यात होते तेव्हा साहेबांनी फुलं पाठवली हो," ती म्हणाली. "पाण्यात ठेवलेली. म्हटलं, बघा, फुलांना तरी पाणी मिळतंय."

सगळ्या खदखदून हसल्या. मला हसू येईना. काकूचा नवरा पाय मोडून घरी बसलेला, घर तिच्या शिवणावर चाललेलं, आणि ही बाई हसत होती.

मी सगळं लिहिलं. नावं बदलली, वयं बदलली, दुखण्याचा उल्लेखही गाळला.

परीक्षेत मी बिल्ल्यापर्यंत आले तसे साहेब ताठ बसले.

"माझ्या कारखान्यात? कोण म्हणतं असं?"

"ते सांगता येत नाही," मी म्हटलं आणि प्रोफेसरांकडे पाहिलं. हा प्रश्नच विचारता येत नाही, एवढं एक वाक्य त्यांनी बोलायचं होतं. ते चष्मा पुसत बसले.

नेमकं तेव्हाच दार उघडलं. पोर परीक्षेला उभी राहिली की घरच्यांनी परीक्षकांना खाऊ घालायचं, ही आमची रीत. आई झेल्निकची, म्हणजे भाजी भरलेल्या खमंग पापुद्र्यांची, भलीमोठी थाळी घेऊन आत आली. तिच्यामागे ठेवणीतले कपडे घालून ब्लागीत्सा काकू, आणि तिच्यामागे बाकीच्या. ज्यांनी मदत केली त्यांना आनंदाच्या दिवशी घरी बसवेल, तर ती माझी आई कसली!

"उशीर झाला, माफ करा," आई सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशी म्हणाली. "पण यांना सोडून कसं यायचं? आमच्या बिसेराला सगळं सांगितलं ते यांनीच तर!"

साहेब मागे वळले आणि एकेकीचा चेहरा निरखू लागले. काकू हातातल्या बश्यांसकट आईच्या आड सरकली.

"अरे वा," परीक्षक मंडळाच्या अध्यक्षबाई कौतुकानं म्हणाल्या, "म्हणजे याच का त्या?"

"नाही," मी म्हटलं. "या शेजारणी. मशीन कसं चालतं तेवढं यांनी सांगितलं. बिल्ल्याच्या मुलाखती मी रचल्या."

"रचल्या?"

"घरी बसून. मनानं."

"अगं, काय बोलतेस? माझ्याच अंगणात तू..."

"आई, गप्प बस!" आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्यावर ओरडले. तिनं थाळी पुढच्या टेबलावर ठेवली आणि मागे सरली.

साहेब मोठ्यानं हसले. "तरी म्हटलं! माझ्याकडच्या बाया असलं बोलणारच नाहीत." काकूनं मान खाली घातली. तिची नोकरी वाचली होती.

मग परीक्षकांनी मला धारेवर धरलं. खोटारडेपणा, शास्त्राचा अपमान, विभागाला काळिमा. तिघांनी मिळून पाऊण तास खोटेपणावर प्रवचन दिलं, पण त्या कारखान्यात बायांना संडासाला जाऊ देतात का, एवढं साधं विचारायचं एकालाही सुचलं नाही. प्रबंध नामंजूर. पदवी गेली.

माझे मार्गदर्शक म्हणून प्रोफेसरांनी ती रेकॉर्डिंग स्वतःच्या कानांनी ऐकली होती. ते गप्प राहिले, आणि बायांना वाचवायला राहिले असं कुणी म्हणू नये. ते संगणकांसाठी गप्प राहिले.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं.

"एवढं मनाला लावून घेऊ नकोस. पुढच्या वर्षी दुसरा विषय घे. लग्नातली गाणी वगैरे. आणि हो, ती रेकॉर्डिंग उद्या विभागात जमा कर. ट्रायान साहेबांना एकदा ऐकायची आहे. म्हणजे गैरसमज राहायला नको."

माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना.

"कसली रेकॉर्डिंग, सर?"

"अगं, तूच ऐकवलीस की मला!"

"मी तर सगळं रचलंय," मी म्हटलं. "तुम्ही खरंच ऐकली असेल तर आत जा आणि परीक्षकांना तसं सांगा. अजून कुणी उठलेलं नाही."

ते दाराकडे वळले. मग आत गेले. मी उघड्या दारातून बघत होते. ट्रायान साहेबांनी बाजूची खुर्ची पुढे ओढली, प्रोफेसर तिच्यावर बसले, आणि माझ्या आईच्या हातचं झेल्निक खायला लागले.