मी कुटलेलं मूळ

मी खल बोलतोय. काळ्या दगडाचा, दोन माणसांनी मिळून उचलावा एवढा जड. दगडाला कसली आलीय घाई, असं तुम्ही म्हणाल. पण मला आहे. तेव्हा बसू नका, उभ्या उभ्याच ऐका.

डोंगरातून काढला तेव्हा मी नुसता ओबडधोबड धोंडा होतो. पाथरवटाने छिन्नीचे घाव घालून मला पोट दिलं, आणि झाडपाल्याच्या औषधांच्या एका दुकानात मी येऊन पडलो. भिंतभर लहान खणांचं लाकडी कपाट, प्रत्येक खणावर चिठ्ठी, मध्ये तागडी आणि खिडकीपाशी मी. दुकान चालवायचा भाऊ. कुटायची त्याची थोरली बहीण. सगळी गल्ली तिला आक्का म्हणायची.

बत्त्याच्या ठेक्यावर आक्का भावाला टोमणे मारी. "अरे, गिऱ्हाईक गुडघे दाखवायला आलंय. त्याला जगाच्या गप्पा काय ऐकवतोस?"

"आक्का, तू कूट. बोलायचं काम माझं."

"म्हणूनच दुकान आहे तेवढंच राहिलं आणि तुझं पोट वाढलं!"

या दोघांचा एक नेम होता. गुडघेदुखीवरच्या मुळांचा नवा गठ्ठा आला, की त्याची पूड आधी आक्काने आठ दिवस घ्यायची. तिला काही झालं नाही, तरच पूड विकायला ठेवायची. "आपण खाल्ल्याशिवाय दुसऱ्याला द्यायचं नाही," असं भाऊ छाती पुढे काढून सांगे. लोक मान डोलवत. झाडपाल्याचं औषध! लागू पडलं तर गुण, नाही तर अपाय तरी काय होणार? हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की ते आठवलं तरी मला आता स्वस्थ बसवत नाही.

एके वर्षी मुळं आणणारा म्हातारा थकला आणि दुसराच माणूस येऊ लागला. त्याची मुळं सोलून, चकत्या करूनच यायची. जुन्या मुळाच्या चकतीवर एकात एक वर्तुळं असत. या चकतीवर चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा होत्या. मला कळलं, हे मूळ वेगळं आहे. पण दगडाचं कोण ऐकणार? भावाने चकती चघळली. "कडू आहे. म्हणजे तेच," म्हणाला.

आक्काने आठ दिवस पूड घेतली. काही झालं नाही. उलट गुडघ्यांना बरं वाटतंय म्हणून तिने ती सोडलीच नाही. दोन वर्षं. सकाळी एक चमचा, संध्याकाळी एक चमचा. आणि गिऱ्हाइकं पुड्या बांधून नेत राहिली.

मग बत्त्याचा ठेका चुकू लागला. दोन घाव घातले की आक्का थांबे. तोंड फिकट, पाय सुजलेले. "वय झालं रे," म्हणे. एका सकाळी लघवीतून रक्त गेलं, तेव्हा मात्र ती घाबरली.

इस्पितळातून भाऊ एकटाच परतला आणि माझ्यासमोर फरशीवर बसला. शेजारीण धावत आली. तिला त्याने सांगितलं, तेच तुम्हाला सांगतो. आक्काची मूत्रपिंडं आकसली होती. एका मूत्रपिंडातून लघवी खाली आणणाऱ्या नळीत कर्करोगाची गाठ होती. डॉक्टरबाईंनी पूड तपासून घेतली, तर ते मूळ भलत्याच वेलीचं होतं आणि त्यात अॅरिस्टोलोकिक अॅसिड नावाचं विष निघालं.

"मी म्हटलं, बाई, आम्ही आठ दिवस स्वतः घेऊन बघतो हो! तर म्हणाल्या, आठ दिवसांत कळतं ते झटपट विष. हे सावकाश चालतं. पेशींच्या आत बिघाड करून ठेवतं. घेणं थांबवलं तरी गाठ कित्येक वर्षांनी येऊ शकते."

एक मूत्रपिंड आणि ती नळी काढून आक्का घरी आली. तोवर भावाने पूड नष्ट केली होती, पण गिऱ्हाइकांजवळ अवाक्षर काढलं नव्हतं.

"बोभाटा झाला तर दुकान बसेल, आक्का."

"दुकान बसू दे. माणसं झोपतील त्याचं काय? फोन आण."

ती माझ्या शेजारी उशीला टेकून बसली आणि एकेका गिऱ्हाइकाला फोन लावू लागली.

"काहीतरीच काय आक्का! माझे गुडघे तर आता धावतायत."

"मग धावत धावतच डॉक्टरकडे जा. पुडी बरोबर ने, आणि किती दिवस घेतली ते सांग. लपवू नकोस."

एकाने शिव्या दिल्या. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतल्या. एक मुलगी रडू लागली, तेव्हा आक्काने पदर डोळ्यांना लावला. दाराशी उभ्या असलेल्या भावाने पुढे होऊन तिच्या हातातून फोन घेतला. "मी बोलतो," तो म्हणाला. "विकलं मी."

आता दुकान बंद आहे. मला धुऊन अंगणात पालथा घातलाय. आक्काला दर काही महिन्यांनी तपासणीला जावं लागतं. पण तिला खरी झोप येत नाही ती दुसऱ्याच कारणाने. एक बाई सापडत नाही. उंच, हसताना तोंडावर हात धरणारी. आईचे गुडघे दुखतात म्हणून दर खेपेला तीन-तीन पुड्या नेणारी. "चेहरा समोर येतो रे, नाव आठवत नाही," असं आक्का रोज म्हणते.

तुम्ही चालते-बोलते आहात. घराघरांत जाता. कुणाच्या डब्यात अशी तपकिरी पूड असेल, आणि ती कसल्या मुळाची हे कुणालाच धड ठाऊक नसेल, तर तिथेच थांबवा त्यांना. आणि ती बाई दिसली तर तिला गाठाच. तिच्या आईने आज सकाळचा चमचा घेतला असेल. संध्याकाळ व्हायला अजून अवकाश आहे.